घोंगड्याची आतली बाजू

"आबा, थांबा!"

सिद्धनाथ ओरडला तोवर म्हाताऱ्याचा हात वर जाऊन रिकामासुद्धा झाला होता.

मूठभर भंडारा हवेत पसरला, वाचनालयाच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत चमकला आणि चित्रावर जाऊन बसला. बसला म्हणजे चिकटलाच. काजळी आणि जवसाचं तेल घरी खलून केलेला काळा रंग तो. कधीचा दिलेला, तरी अजून बोटाला लागत होता.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" त्याचा बाप बिरप्पा म्हणाला आणि चित्रापुढं गुडघे टेकून त्यानं कपाळ फरशीला लावलं.

सिद्धनाथच्या डोक्यात तिडीक गेली. धोतराचा सोगा धरून त्यानं हळद पुसायला घेतली. एकदाच फिरवला. पिवळा रंग काळ्यात लांबवर ओढला गेला, शेपटीसारखा. मग मात्र त्याला पुन्हा हात लावायचं धैर्य होईना.

"काय केलंत हे? अहो, देव आहे का तो? चित्र आहे चित्र! रोज गिरणीतनं येऊन डोळे फोडलेत मी त्याच्यावर!"

"आरं, भंडाराच हाय. इख न्हाय टाकलं."

"उठा. आधी बाहेर चला."

"सायेब लोक येनार हायती म्हनलास न्हवं? बगतो की म्या बी, कोपऱ्यात हुबा राहून."

"काही नको बघायला! बाहेर ओट्यावर बसा आणि कुणाला तोंड दाखवू नका. मेंढराचा वास मारतोय अंगाला."

चुकून तोंडातून गेलं असं नाही. बोलायचंच होतं त्याला. कित्येक वर्षं बोलायचं होतं.

बिरप्पा उठला. डोक्यावरचं मुंडासं चाचपलं, घोंगडं खांद्यावर सारखं केलं आणि दारात काढून ठेवलेल्या वहाणा हातात घेऊन ओट्यावर जाऊन बसला. रागावला नाही, की ओशाळला नाही. सिद्धनाथला त्याचाही राग आला.

सिद्धनाथ गिरणीच्या डिझाइन खात्यात होता. खातं कसलं, एक लांबट खोली आणि तिरप्या मेजांची रांग. साहेबानं काढलेला लुगड्याचा काठ चौकटीच्या कागदावर उतरवायचा, एकेक घर रंगानं भरायचं. भरलेलं घर म्हणजे दोरा वर, रिकामं घर म्हणजे दोरा खाली. दिवसभर तेच. रुईफूल दुसऱ्याचं, कुयरी दुसऱ्याची, रंगसुद्धा दुसऱ्यानं ठरवलेले. शेजारच्या मेजावरचा मल्लप्पा अक्कलकोटचा, अर्धा कन्नड अर्धा मराठी. तो मान न उचलता विचारायचा, "एनप्पा, घरं भरतोस का मेंढरं मोजतोस?" आणि सगळी खोली खिदळायची.

चित्रकला त्याला कुणी शिकवली नव्हती. रद्दीत आलेल्या विलायती मासिकांतली चित्रं बघून बघून तो शिकला. त्यात काही चित्रं अशी असत की माणूस नाही, झाड नाही, नुसतेच आकार. मल्लप्पा म्हणायचा, छापताना गडबड झाली असणार. सिद्धनाथला मात्र ती रात्रंदिवस दिसत.

आणि मग त्यानं स्वतःचं एक काढलं. अडीच हात उंच, दोन हात रुंद. सगळं काळं. गुळगुळीत काळं नव्हे. जाड, खरखरीत, उभ्याआडव्या फराट्यांचं. वर डावीकडं एक पांढरं भोक. भोकात तांबडी रेघ. संपलं. त्याला नावसुद्धा दिलं नव्हतं.

ते काय आहे हे एकट्या सिद्धनाथला माहीत होतं. ते घोंगडं होतं, आतून पाहिलेलं.

तो पाच-सहा वर्षांचा असेल. माळशिरसकडच्या माळावर त्यांना गारांनी गाठलं. झाड नाही, खोप नाही. त्याला आणि दोन कोकरांना घोंगड्याखाली घातलं. घोंगड्याला विस्तवानं पडलेलं भोक होतं. त्या भोकातून पांढरा उजेड दिसत होता आणि उजेडात आईचं तांबडं लुगडं. आई, मायाक्का, मेंढरांमागं गेली ती गेलीच. आणि बाप? बापाचा आवाज सिद्धनाथच्या कानाशी होता, अंगावर बापाचं ओझं होतं. बायकोला गारांत धाडून बाप पोराबरोबर घोंगड्यात शिरला होता.

हे तो कुणाशी बोलला नव्हता. बापाशीही नाही. बिरप्पा बायकोचं नाव काढत नसे आणि पोरगा विचारत नसे. राग तेवढा वाढत गेला, दिव्याच्या काचेवरच्या काजळीसारखा.

असं ते चित्र. त्यावर आता मूठभर हळद.

पायऱ्यांवर बुटांचे आवाज झाले. वाचनालयाच्या दिवाणखान्यात भरलेलं ते प्रदर्शन. मुंबईहून परीक्षक आले होते. त्यांच्यामागं कापडाचे व्यापारी आणि प्रदर्शनाचे चालक रुद्रप्पा शेट, शाळेचे हेडमास्तर आणि एक वकीलसाहेब. भिंतीवर सगळीकडं गणपती, शिवाजी महाराज आणि कमळातल्या बायका. मंडळी भराभर पुढं सरकत होती. सिद्धनाथच्या चित्रापाशी मात्र थबकली.

"हे काय म्हणायचं?" रुद्रप्पा शेट म्हणाले. "फळीला डांबर लावलंय का?"

हेडमास्तरांनी चष्मा वर केला. "अहो, हे तर उघड आहे. काळा म्हणजे तमोगुण, तांबडा म्हणजे रजोगुण, पांढरा सत्त्वगुण. आणि तिन्हींच्या पलीकडे हा पिवळा. पीतांबर! साक्षात नारायण."

"कसला नारायण घेऊन बसलात!" वकीलसाहेबांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "तांबडी रेघ बघा. तीस साल आठवा. आपल्या गावातला मार्शल लॉ. काळं कोण ते मी सांगायला नको. आणि हे भोक कशाचं? गोळीचं!"

"वकीलसाहेब, हळू की हो!" रुद्रप्पा शेटांना घाम फुटला. "उद्या कलेक्टरसाहेब यायचेत बघायला. डांबरच राहू द्या ते."

परीक्षक मागं सरकले, पुढं आले, मान तिरकी केली.

"गुण राहू द्या आणि गोळ्याही राहू द्या," ते म्हणाले. "आधी आकार बघा. हे काळं अंगावर येतं, जीव घुसमटतो. आणि नेमका तिथं हा पिवळा फुटतो! कसला जोर आहे त्यात! आणि हा ओढलेला फराटा... ओल्या काळ्यावर असा हात चालवायला छाती लागते. बाकीचं ठीक आहे. भोक, रेघ, सगळं जरा शिकाऊच. पण हा पिवळा! हा पिवळा म्हणजेच हे चित्र."

बाकीचं ठीक आहे. सिद्धनाथच्या कानात तेवढंच राहिलं. त्या काळ्यासाठी काजळी धरताना बोटं भाजली होती. ती रेघ किती वेळा खरवडून काढून पुन्हा ओढली होती. ती शिकाऊ. आणि म्हाताऱ्यानं जाता जाता फेकलेली हळद म्हणजे चित्र.

"कुणाचं आहे?"

सिद्धनाथ पुढं झाला.

"कुठं शिकलात?"

"कुठं नाही. गिरणीत आहे."

"सोडा गिरणी. हे चित्र मी मुंबईच्या प्रदर्शनात नेतो. तिथल्या कलाशाळेत माझा शब्द चालतो; तुमची सोय करतो." परीक्षकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "फक्त एक सांगा. हा पिवळा कसा सुचला?"

सगळे त्याच्याकडं बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं. सुचला साहेब, असंच आतून आलं. बस. जन्माची घरं भरणं सुटलं असतं.

"नाही सुचला," सिद्धनाथ म्हणाला. "म्हाताऱ्यानं फेकला."

"कोण म्हातारा?"

"माझा बाप. ओट्यावर बसलाय. मेंढरं राखतो. तुमचा नारायण, तुमची गोळी, तुमचा तो जोर, सगळं त्याच्या कमरेच्या पिशवीत आहे. जाऊन विचारा."

त्याला वाटलं होतं, थोबाडीत बसेल सगळ्यांच्या. ह्यांच्याही आणि बापाच्याही. पण परीक्षकांनी टाळीच वाजवली.

"वाहवा! बोलवा त्यांना आत!"

बिरप्पा आला. अनवाणी, घोंगडं खांद्यावर, दाराशीच हात जोडून. बाजारात एडका पारखतात तसे परीक्षक त्याच्याभोवती फिरले.

"बाबा, हे तुम्ही टाकलंत?"

"व्हय जी."

"काय दिसलं तुम्हाला त्यात?"

बिरप्पानं पोराकडं बघितलं. "त्येला इचारा की. काडलंय त्यानं."

"ऐकलंत?" परीक्षक मंडळींकडं वळले. "ह्याला म्हणतात निर्मळ हात. शिक्षणानं न बिघडलेला. ह्यांना माहीतही नाही आपण काय करून बसलो! पुन्हा एकदा बघायला हवं. काळं काही आहे का इथं?"

"आतल्या खोलीत फळा आहे," हेडमास्तर म्हणाले आणि स्वतः जाऊन घेऊन आले. खडूनं लिहिलेलं बाहीनं पुसलं आणि फळा भिंतीला टेकवून ठेवला.

"हं, बाबा. टाका ह्याच्यावर. मघासारखंच."

बिरप्पा फळ्याकडं बघत राहिला. "ह्याच्यावर? पुन्यांदा?"

"हो."

"न्हाय जी. एकदा फेडला. आता कुनाचा फेडू?"

त्याचा अर्थ कुणाला कळला नाही. सिद्धनाथलाही नाही.

"अरे बाबा, मूठभर हळदच की," रुद्रप्पा शेट म्हणाले. "साहेब म्हणतायत तर टाक. पोराचं कल्याण होईल."

बिरप्पा पोराकडं वळला. "सिदा, तुजं काम हुतंय का रं ह्यानं?"

म्हाताऱ्याचा हात पिशवीकडं गेला होता. पोरानं व्हय म्हटलं असतं तर त्यानं टाकला असता. फळ्यावर काय, बुटांवरसुद्धा टाकला असता.

वकीलसाहेबांना दम नव्हता. "असं हो, असं!" म्हणत त्यांनी म्हाताऱ्याच्या कमरेच्या पिशवीत आपली दोन बोटं घातली आणि चिमूट फळ्यावर झटकली. फळ्याला काही चिकटलं नाही. भंडारा खाली सांडला. मंडळी हसली. परीक्षकही हसले. "नाही जमत, वकीलसाहेब! तुम्ही शिकलात ना!"

बिरप्पा हसला नाही. तो खाली बसला आणि फरशीवरचा भंडारा तळहातानं गोळा करायला लागला.

"पाय काडा, जी," तो म्हणाला. "पायाखाली येतुया."

कुणी ऐकलं नाही. हेडमास्तर फळ्याचं काळं आणि चित्राचं काळं ह्यात फरक काय ते समजावून सांगत होते. रुद्रप्पा शेटांचा बूट हळदीत होता. म्हातारा त्या बुटाच्या कडेकडेनं बोटं फिरवत होता.

"पाय काडा की, जी."

"पाय काढा!"

सिद्धनाथच्या आवाजानं दिवाणखाना दणाणला. कमळातली एक बाई खिळ्यावर हलली. सगळे मागं सरले.

"पाय काढा म्हणतोय तो, ऐकू येत नाही? इतका वेळ त्याचे हात बघत होता ना? मग आता बघा की! भंडारा आहे तो. तुमच्या बुटाखालची माती नाही!"

"अहो, एवढं चिडायला काय झालं?" परीक्षक म्हणाले. "आम्ही तर कौतुकच..."

"कौतुक राहू द्या." सिद्धनाथनं चित्र खिळ्यावरून उतरवलं.

"हे बघा, चित्र ह्या दारातून बाहेर गेलं तर माझा शब्दही गेला."

"जाऊ द्या. घरं भरायला हात धड आहेत माझे."

ऊन रखरखत होतं. चित्राला बोट लागू नये म्हणून एका बाजूला बाप आणि दुसऱ्या बाजूला लेक, दोघांनी कडा धरून ते उभं नेलं. सिद्धेश्वराच्या तळ्याकडून जाताना एका टांगेवाल्यानं घोडा आवरला आणि विचारलं, "क्या चचा, दरवाजा बेचने निकले क्या?" दोघं पुढं चालत राहिले.

तळ्याकाठच्या लिंबाखाली म्हाताऱ्याला धाप लागली. त्यांनी चित्र बुंध्याला टेकवलं. सिद्धनाथ बसला नाही. राग अजून उतरला नव्हता, आणि आता समोर बापाशिवाय कुणी नव्हतं. गिरणीत कमावलेली भाषा कुठल्या कुठं गेली.

"का टाकलास? आं? माज्या चित्रावर का टाकलास? काय कळलं तुला त्यातलं?"

"घोंगडं हाय की ते."

हे सिद्धनाथनं कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

"आतनं काडलंयस," बिरप्पा म्हणाला. "इस्तवाचं भोक बी हाय. म्या दारातनंच वळाकलं."

"वळाकलंस? मग हे बी वळाक!" सिद्धनाथनं तांबड्या रेघेपाशी बोट नेलं. "हे काय हाय सांग. आयचं लुगडं हाय! आय भाईर गारांत मरत व्हती आन तू माज्यासंगं घोंगड्यात दडून बसला व्हतास! लाज न्हाय वाटली? तू का न्हाय गेलास मेंढरामागं?"

येणारेजाणारे बघायला लागले. बिरप्पानं मान वर केली नाही. तो त्या रेघेकडं बघत होता.

"तिचं लुगडं हिरवं व्हतं," तो म्हणाला.

"तांबडं व्हतं! म्या ह्या डोळ्यांनी बगितलंय!"

"हिरवं. तिच्या भावानं घेतल्यालं. त्याच लुगड्यात तिला पुरली. वरनं ते घोंगडं गुंडाळलं." त्यानं हात डोक्याकडं नेला आणि मुंडासं उतरवून मांडीवर ठेवलं. जुनं, विटलेलं, पण तांबडं. "तांबडं हे व्हतं."

सिद्धनाथला आधी काही समजलं नाही.

"म्या आत कुटं व्हतो, लेका? घोंगड्यात तू आन दोन कोकरं. तिसऱ्याला जागा हाय व्हय त्यात? म्या वर व्हतो, चारी हातपाय रवून. गारा अशा, लिंबाएवड्या. एकानं पोरावर वाकायचं आन एकानं मेंढराकडं पळायचं. म्या निगालो व्हतो. तिनंच मला तुज्यावर ढकललं. म्हनली, तुजी पाट रुंद हाय."

तळ्यावर कुणीतरी कपडे आपटत होतं.

"भोकातनं तुजा डोळा दिसत व्हता," बिरप्पा म्हणाला. "म्या आपला बिरोबाला म्हनत व्हतो, देवा, हे पोरगं जितं निगू दे, ह्याच घोंगड्यावर तुजा भंडारा उधळीन. पोरगं निगालं. पर घोंगडं तिच्यासंगं गेलं. मग कशावर उधळू? दुसऱ्या घोंगड्यावर चालत न्हाय. ह्याच म्हनून बसलो व्हतो न्हवं? लई वरीस डोस्क्यावर व्हता तो नवस." त्यानं चित्राकडं हात केला. "आज घावलं."

सिद्धनाथनं चित्राकडं बघितलं. हेडमास्तरांनी बघितलं होतं, वकिलानं, परीक्षकानं. त्या सगळ्यांना तो मनातल्या मनात मूर्ख म्हणाला होता. आणि ती रेघ ज्यानं ओढली, त्यालाही ती कशाची ते ठाऊक नव्हतं.

त्याला पुन्हा ओरडायचं होतं. कुणावर ते कळेना. इतकी वर्षं उचललेला राग खाली ठेवायला जागाच सापडेना.

"आदी का न्हाय सांगितलंस?" तो कसाबसा म्हणाला.

"तू इचारलंस कवा?"

बिरप्पानं मुंडासं पुन्हा डोक्याला गुंडाळलं, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि चित्राची आपली बाजू धरली. "उचल. ऊन लागतंय त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धनाथ मेजाशी बसला तेव्हा मल्लप्पानं मान उचलून विचारलं, "एनप्पा, मुंबई?"

"घरं भरायची राहिलीत," सिद्धनाथ म्हणाला आणि कागद पुढं ओढला. त्या दिवशी खोलीत कुणी खिदळलं नाही.

त्यानं पुढं दुसरं चित्र काढलं नाही. वेळ नव्हता म्हणा, किंवा काढायचं होतं ते काढून झालं म्हणा. ते एक मात्र चाळीतल्या खोलीत भिंतीवर राहिलं. कुणी आलं की विचारायचं, हे काय? तो म्हणायचा, घोंगडं. आतून का बाहेरून, ते सांगत बसायचा नाही.

हळद उन्हाला टिकत नाही. पिवळा रंग आधी फिका झाला, मग राखाडी. काळं उशिरा का होईना, वाळलं आणि त्यानं धरून ठेवलेला भंडारा कणाकणानं सुटायला लागला. बिरप्पा गेला त्या साली तर नीट बघितल्याशिवाय पिवळं दिसतही नव्हतं. तेवढी तांबडी रेघ टवटवीत होती. भिंतीखाली, फरशीवर, थोडी धूळ साठायची, धुळीच्या रंगाहून जरा वेगळी.

सिद्धनाथची बायको फुलाबाई रोज उजाडता खोली झाडायची. दारापासून चुलीपर्यंत, चुलीपासून भिंतीपर्यंत. चित्राखाली आली की केरसुणी उचलायची, हातभर जागा सोडायची, आणि पुढं झाडायला लागायची.